डोळा मिटणारा देव

भर दुपारी झोपडीत मिट्ट काळोख होता. दार लावलेलं, खिडकीला गोणपाट, आणि आत चाळीसएक माणसं एकमेकांना खेटून घाम गाळत बसलेली. समोर शेंदूर फासलेला लाकडी देव. त्याच्या कपाळावर लालभडक डोळा जळत होता, पण त्याला ना धूर होता ना ऊब. देवापुढे एक लांब फळी टाकलेली होती.

“फळीवर उभा राहील त्याचं पोट देव बघतोय!” सावळीराम भगत गरजला. “खरा असंल तर डोळा उघडा. पापी असंल तर देव डोळा मिटील. हितं वकील नाय, कोरट नाय, रोख न्याय हाय!”

रोख न्यायासाठी तीन कोंबड्या आधीच दाराशी बांधून ठेवल्या होत्या.

एक म्हातारा फळीवर चढला. “टाचा मागं घे बाबा, आजून मागं,” भगत म्हणाला. डोळा उघडाच राहिला. आणखी दोघं चढले, तेही खरे निघाले. लोकांनी हात जोडले. मग भगतानं सावित्रीबाईला पुढे ओढलं.

ही सावित्रीबाई हरसूलच्या पुढच्या त्या पाड्यावर एकटीच राहायची. जवळच्या मातीच्या धरणावर मी इंजिनीयर होते, आणि आमची यंत्राची खोली झाडायला ती यायची. साल २००६. आठ दिवस ती आली नाही, म्हणून मी जीप घेऊन पाड्यावर गेले, तेव्हा सगळं कळलं, आणि तिच्यामागोमाग मीही त्या झोपडीत शिरले. तिच्या शेजारच्या गोरक्षचा चार वर्षांचा मुलगा जुलाबानं गेला होता. भगतानं सांगितलं, त्याला भुताळीनं, म्हणजे चेटकिणीनं, खाल्लं, आणि भुताळी म्हणून हिचं नाव घेतलं. आता ती फळीवर चढली नाही, तर तोंड लपवते म्हणून भुताळी. चढली आणि डोळा मिटला, तरी भुताळी. एकदा भुताळी ठरली की घर मोडून तिला पाड्याबाहेर हाकलणार होते. तिला सुटायला कुठूनच वाट नव्हती.

“पुढं ये बाई. आजून पुढं. देवाजवळ ये, भितीस कशाला?”

ती पुढे सरकली आणि डोळा मिटला. झोपडीत एकच किंकाळी उठली. सावित्रीबाई फळीवरून खाली उतरली.

तो लाल रंग मी ओळखला आणि मला लाज वाटली. आमच्या धरणाच्या पोटात काचेची केसासारखी बारीक तार पुरली आहे. ती कुठे तुटली का, हे बघायला आम्ही तिच्या एका टोकातून लाल दिव्याच्या पेनानं उजेड सोडतो. वर्षापूर्वी सावळीराम त्याच तारेसाठी चर खोदण्याच्या कामावर होता. जेवणाच्या सुट्टीत मी मजुरांपुढे ऐट केली होती. तार बोटाभोवती घट्ट मुरडली, टोकाचा उजेड गेला, आणि मी म्हणाले, “धरणाच्या पोटातलं ही ओळखते. हिच्यापुढे खोटं चालत नाही!” कसं ते समजावायला आणखी दहा मिनिटं लागली असती, पण मी चहा प्यायला गेले. नंतर एक पेन आणि थोडी तार सापडली नाही. मी ‘हरवले’ असं लिहून मोकळी झाले.

“मला उभं राहू द्या,” मी म्हणाले.

“म्याडम, तुमी शिकलेली मानसं. मागल्या अंगाला उभ्या ऱ्हावा.”

“नाही, मी देवाजवळच उभी राहणार.”

मी पुढे पाय ठेवला आणि डोळा मिटला. माणसं माझ्यापासून झपकन मागे सरकली. त्या क्षणी मी खरंच घाबरले. एकच दार, आणि त्याला पाठ लावून दोन दांडगे तरुण. माझं शिक्षण, नोकरी, बाहेरची सरकारी जीप, कशाचाच तिथे उपयोग नव्हता. मी काय बोलेन ते भुताळीचंच बोलणं ठरलं असतं. सावित्रीबाईनं असे आठ दिवस काढले होते.

“हिला हात लावू नका!” भगत ओरडला.

“मला नका लावू,” मी आवाज सावरत म्हणाले, “कोपऱ्यातल्या त्या तांदळाच्या गोणीला लावा. फळीवर ठेवा.”

गोणी गोरक्षनंच देवाला आणली होती. तोच ती उचलून आला. पुढे ठेवली, डोळा मिटला. मागे सरकवली, उघडला. पुन्हा पुढे, पुन्हा मिटला.

“गोरक्षभाऊ, ह्या गोणीनं कुणाला खाल्लं?”

मागे एक म्हातारी फिसकन हसली. मग आणखी कुणीतरी हसलं. त्या तरुणांपैकी एकानं आपणहून दार उघडलं.

मी फळी उलटली. तिच्या मागच्या टोकाखाली दगड होता. पुढच्या टोकाखाली फणीसारखे दाते पाडलेल्या दोन लाकडी पट्ट्या, आणि त्यांच्यामध्ये आमची तार. तिचं एक टोक देवामागच्या डब्यातल्या पेनाला, दुसरं देवाच्या कपाळात. “मागे उभं राहिलं की वजन दगडावर जातं. पुढे आलं की दाते तारेला मुरडतात, आणि उजेड वाटेतच सांडतो. धरणात माती खचली, किंवा पाणी झिरपून गार झाली, की तारेतला उजेड बदलतो. त्यावरून आम्हाला जागा कळते. तारेला ताण कळतो, गारवा कळतो. पाप कळत नाही.”

“पन ही तार मला देवानंच दिली!” सावळीराम म्हणाला.

“देवानं नाही. माझ्या खोलीतून नेलीस.”

गोरक्ष माझ्यासमोर आला. “मंग माझं पोर कशानं गेलं?”

“जुलाबानं अंगातलं पाणी गेलं, भाऊ. तीन दिवस तुम्ही ह्या भगताच्या दारात बसलात. हरसूलला दवाखाना आहे.”

तो तिथेच मटकन खाली बसला. हे सांगताना मला फार वाईट वाटलं, पण खोटं सांगून भागणार नव्हतं.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, “ह्याची तार खोटी. म्याडमची धरनावरली खरी. सावित्रीला तिच्यावर उभी करा, म्हंजी फैसला हुईल!” आणि बऱ्याच माना डोलल्या. भगताचा मान गेला होता, आणि त्याच्या जागी लोकांनी मला बसवलं होतं.

उत्तर सावित्रीबाईनं दिलं. “मी कशावर बी उभी ऱ्हानार नाय. ह्याच्या फळीवर नाय, म्याडमच्या तारेवर बी नाय. ज्याला मी भुताळी वाटते, त्यानं उभं ऱ्हावं. मी काय केलं, कवा केलं, कुनी पायलं, ते सांगावं.”

तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. चाळीस माणसांत कुणी उभं राहिलं नाही.

मंडळी, त्या दिवशी मी लोकांना तार समजावली. विचार कसा करायचा, ते सावित्रीबाईनं समजावलं. चमत्कार दाखवणारा भगत असो की माझ्यासारखी इंजिनीयर, त्याला म्हणा, आधी फळी उचल. आणि एखाद्या बाईकडे बोट दाखवणाऱ्याला तिनं विचारलं तेच विचारा.