कुंडलिकरावांचा बंब

कुंडलिकरावांचा तांब्याचा बंब तीन दिवस पेटेना. लाकडं घाला, गोवऱ्या घाला, फुंकून फुंकून गाल दुखवून घ्या. धूर तेवढा डोळ्यांत आणि जाळ फुस्स! चाळीस वर्षांत कढत पाण्याशिवाय अंगावर तांब्या न ओतलेला माणूस हा. तिसऱ्या दिवशी गार पाण्याखालून बाहेर आला तो थयथयाट करतच.

घरात ऐकायला सून पायल तेवढी. बायको वैजयंती लेकीच्या बाळंतपणाला माळशिरसला जाऊन दहा दिवस झालेले.

"मामा, मधली नळी फुटली असणार. पाणी गळतंय," पायल म्हणाली. "द्या आता भंगारात, गिझर घेऊ की!"

भंगारात! कुंडलिकराव बंबाच्या आडवेच आले. सासऱ्यानं लग्नात दिलेला बंब तो!

बंब दुरुस्त करणारा नबीसाब आला. आतली राख काढली, तर निव्वळ चिखल. "बघा!" पायल म्हणाली. नबीसाबनं बंब ठोकून पाहिला.

"पत्रा लई पातळ झालाय. नळी गेली असंल तर नवी बसणार न्हाय, डाख देऊन जोडायला गेलो की अंगच फाटंल." मग त्यानं तळाला कोरडी राख पसरली, बंब काठोकाठ भरला. "तासाभरानं बघू. राख ओली, तर नळी गेली. कोरडी, तर ठणठणीत."

तो चहाला गेला. पायल दारात बसून मोबाइलवर गिझर बघू लागली आणि कुंडलिकराव बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तसे बंबापुढं बसले.

नबीसाब परतला, राखेत बोट घातलं. चिंब ओली!

"गिझर!" पायल उडालीच. मग तिनं सासऱ्याचा चेहरा पाहिला. म्हातारा रडायच्या बेतात. तिला राहवेना. ती खो खो हसत सुटली.

"मामा, हातात काय हाय तुमच्या?"

तांब्या! अर्धा रिकामा! अगं बाई! वाळत घातलेल्या चादरींवर राख उडू नये म्हणून अंघोळीनंतर रोज राखेवर पाणी शिंपडायची चाळीस वर्षांची सवय. आत्ता वारा सुटला, राख हलली, आणि हातानं आपलं काम केलं होतं.

"मी बघितलं हो तुमाला. गप बसणार होते," पायल म्हणाली.

"आन् ती ओली राख रोज काढतं कोण?" नबीसाबनं विचारलं.

कुंडलिकरावांनी आ वासला. "ही काढायची की! वैजयंती!"

पुन्हा कोरडी राख, पुन्हा एक तास. या खेपेला पायलनं सासऱ्यापुढं पाटीभर शेंगा ओतल्या, हात गुंतलेले बरे. तासानं नबीसाबनं राखेवर फुंकर मारली. भसकन उडाली, तिघांच्याही नाकात गेली. शिंकत शिंकत कुंडलिकराव अंगणात चक्क नाचले.

मग त्यांनी माळशिरसला फोन लावला.

"नळी ठणठणीत हाय गं. तू राख काढायला न्हाईस, ती साचून चिखल झाला, म्हणून बंब पेटंना."

"अवो, मग तुमी काढा की!"

"काढतो," कुंडलिकराव म्हणाले. "पर तू कवा येतीस?"