कोर्ट उठेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. माझ्या बैठकीचा वेत फाटलाय, एक हात ढिला झालाय. पण ते रडगाणं मी गाणार नाही. मला एक पाप कबूल करायचं आहे.

आश्रुबा सुताराने मला अस्सल सागवानात घडवलं. ठोकून, हलवून पाहिलं आणि कौतुकाने म्हणाला, "कोणीबी बसू द्या, लेक माझी हूं की चूं करायची न्हाई!" खरंच, मी कधी कुरकुरले नाही. त्याचा मला भारी ताठा होता.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात माझी रवानगी झाली. निजामाच्या अमलात तिथे खुर्चीचा मान ठरलेला असे. इज्जतदार माणूस आला, मग तो आरोपी का असेना, की सटवाजी चपराशी मला उचलून त्याच्यापुढे मांडायचा. बाकीच्यांनी उभं राहायचं. अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं, कोर्टावर तिरंगा चढला, पेढे वाटले गेले. पण सटवाजीच्या हाताची सवय काही गेली नाही. माझा ताठाही गेला नाही.

त्रेपन्न सालच्या मार्गशीर्षात एक खटला उभा राहिला. आरोपी दोन, गुन्हा एकच, सरकारी जंगलातली चोरटी तोड. भुजंगराव हे मोठे शेतकरी. त्यांनी नव्या घराच्या तुळयांसाठी सागाची दोन झाडं पाडली होती, माझ्याच जातीची! दुसरा बिरू, मेंढपाळ. त्याने मेंढ्यांना पाला म्हणून बाभळीच्या चार फांद्या तोडल्या होत्या. दोघांनीही गुन्हा कबूल केला.

सटवाजीने सवयीप्रमाणे मला भुजंगरावांच्या मागे सरकवलं. ते ऐसपैस टेकले. बिरू घोंगडी सावरत उभाच राहिला. मुन्सफसाहेब, म्हणजे कोर्टाचे न्यायाधीश, नुकतेच बदलून आले होते. दोघांपैकी कोणालाच ते ओळखत नव्हते. त्यांनी मान वर केली, तर एक बसलेला दिसला आणि एक उभा.

"आपण प्रतिष्ठित दिसता," साहेब भुजंगरावांना म्हणाले. "कोर्टाची पायरी चढावी लागली, हीच आपल्याला मोठी शिक्षा." त्यांना थोडा दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद. म्हणजे काय, तर त्या दिवसाचं कामकाज संपेपर्यंत तिथेच थांबायचं आणि मग खुशाल घरी जायचं.

मग साहेब बिरूकडे वळले. "तुम्हा लोकांना जरब बसलीच पाहिजे. तीन महिने सक्तमजुरी."

बिरूने हात जोडले. "सायब, मेंढ्या व्यायला आल्यात. घरवाली एकटी हाय. कोकरं पायावर उभी राहू द्या, मंग मी सोता चालत येतो की जेलात!"

साहेबांनी पुढचा कागद ओढला.

दाराशी बिरूची बायको कोंडाबाई उभी होती. ती ओरडली, "आवो, त्यांनी झाडं पाडली, आमी फांद्या तोडल्या! त्यांना खुर्ची अन् माझ्या माणसाला बेड्या? ह्यो कुठला न्याव?" शिपायाने तिला बाहेर काढलं.

भुजंगरावांनी आपली सगळी कैद माझ्यावर बसून भोगली. मीच त्यांचा तुरुंग झाले, मित्रांनो! त्यांना मध्ये छान डुलकीही लागली. साहेबांना रेल्वे गाठायची होती, म्हणून कोर्ट लवकरच उठलं. आणि मी? मी हूं की चूं केलं नाही. नुसती करकरले असते तरी साहेबांनी मान वर केली असती, दोघांकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं असतं. केवढी लाज वाटते आता!

तीन महिन्यांनी बिरू आपली जप्त झालेली कुऱ्हाड मागायला आला. सटवाजीने विचारलं, "कोकरं कशी हायत रे?"

"कशाची कोकरं? कोंडाबाई एका मेंढीपाशी बसली की दुसरीकडं लांडगा पडायचा. चाळीसातल्या नऊ मेंढ्या ऱ्हायल्यात."

सटवाजीचा चेहरा पडला. तो गुपचूप आत गेला, मला घेऊन आला आणि बिरूपुढे मांडून म्हणाला, "बस बाबा घटकाभर."

बिरूने माझ्याकडे पाहिलं. "आता कशाला, दादा? तवा द्यायची व्हती."

तो बसला नाही. उभ्यानेच कुऱ्हाड घेतली आणि निघून गेला.

पुढे कोर्टातलं जुनं सामान काढलं आणि मी तुमच्या शाळेत आले. मला नवा वेत विणा, असं मी म्हणत नाही. माझं मागणं एवढंच आहे. दोघांच्या हातून सारखीच चूक झाली, त्यातला एक मोठ्या घरचा असला आणि एक मेंढपाळाचा, तर निवाडा करताना मला मध्ये आणू नका. दोघांना जमिनीवर शेजारी शेजारी बसवा आणि मगच काय ते ठरवा.

हल्ली कोणी टेकलं की मी कुरकुरते. गुरुजी म्हणतात, खुर्ची बिघडली. नाही हो, मी आता कुठे सुधारले आहे. पण बिरूला त्याचा काय उपयोग?