चौऱ्याऐंशीला अकरा

पणजोबा शिंगाचे कंगवे करीत. आजोबा करवतींचे दाते घासून त्यांना धार लावीत. वडिलांनी छापखान्याच्या यंत्रांची दातेरी चाके कापण्यात चाळीस वर्षे घालवली. अशा तीन पिढ्यांनंतर जन्मलेली लेक दंतवैद्य झाली, तेव्हा नातलग पोट धरून हसले. वडील तेवढे गंभीर राहिले. "बरं झालं," ते म्हणाले, "घरातलं काम घरात राहिलं."

लेकीला घरात घाईबाई म्हणत. हे नाव तिने तेराव्या वर्षी स्वकष्टाने मिळवले होते.

वडिलांना एकच शौक होता: विजेवर पळणाऱ्या, रिमोटने चालवायच्या छोट्या गाड्यांचा. मोटार ते विकत आणीत नसत. केसासारखी तांब्याची तार, वेढ्यामागून वेढा मोजत, स्वतः गुंडाळीत. त्या वर्षीच्या मोटारीला तीन महिने लागले होते. मोटारीच्या शाफ्टवर पिनियन नावाचे इवलेसे दातेरी चाक बसते, आणि ते मागच्या मोठ्या चाकाला फिरवते. पिनियनचे दाते वाढवले की गाडी जोरात पळते; पण तो जोर मोटारीच्या जिवावर येतो. वडिलांनी चौऱ्याऐंशी दात्यांच्या मोठ्या चाकाला चौदाचे पिनियन लावले होते. शर्यतीच्या सकाळी, बाबांनी जिंकावे म्हणून, लेकीने गुपचूप सोळाचे चढवले. दुसऱ्याच फेरीत सगळ्यांच्या देखत गाडीतून धूर निघाला.

वडील रागावले नाहीत. जळकी मोटार रुमालात बांधताना एवढेच म्हणाले, "एक मोटार तुझ्याकडे बाकी राहिली."

त्यानंतर बावीस वर्षे त्यांनी तार हातात घेतली नाही. घाईबाई शिकली, स्वतःचा दवाखाना थाटला, शेकडो माणसांच्या दाढा काढल्या. पण ते वाक्य तिच्या मनातून निघाले नाही.

यंदा वडिलांनी पुन्हा तार घेतली. हात थरथरत होते. चार महिने लागले. मोटार तयार झाली तेव्हा त्यांनी ती लेकीसमोर ठेवली. "ही शेवटची. आता बोटं ऐकत नाहीत. रिमोटही धरवत नाही. गाडी तू चालव, आणि गिअरही तूच ठरव."

तिने वडिलांची जुनी वही उघडली. 'चौऱ्याऐंशीला चौदा,' असे त्यांच्याच अक्षरात होते. तिने चौदाचे पिनियन बसवले आणि दोनदा दाते मोजले.

शर्यत एका शाळेच्या व्यायामशाळेत होती. लाकडी फरशीवर रबरी पाइप अंथरून मार्ग आखला होता. घरचा नियम असा की आधी दोन मिनिटे गाडी पळवायची, थांबवायची आणि मोटारीवर बोट ठेवून दहा मोजायचे. दहापर्यंत बोट टिकले तर गिअर सुरक्षित.

घाईबाईचे बोट तीनपर्यंत टिकले.

तिने दवाखान्यातला बारीक आरसा पर्समधून काढला आणि वाकून पुन्हा दाते मोजू लागली. चौदा. मोठ्या चाकाचे मोजले. चौऱ्याऐंशी.

"काय गं, अक्कलदाढ आली का गाडीला?" शेजारच्या टेबलावरून मामाने विचारले. मामा दरवर्षी शर्यतीत उतरे आणि दरवर्षी सगळ्यात आधी बोले.

"मामा, पाच मिनिटं तोंड मिटून बसशील? एरवी मी लोकांना उघडायला सांगते."

"भाऊजी, पोरीला आवरा! आणि धूर निघाला तर पाणी माझ्याकडे आहे हो."

वडील भिंतीकडेच्या खुर्चीवर बसून होते. त्यांनी मान हलवली नाही, सल्ला दिला नाही.

घाईबाईने गाडीचे वरचे कवच उलटे केले. आतल्या बाजूला, चाकांच्या वर, काळे ओरखडे होते. चाके कवचाला घासत होती. आजवर कधी घासली नव्हती. तिने हळूच आईकडे पाहिले. आई विणकाम घेऊन बसली होती.

"आई, टायर कोणी बदलले?"

"मीच. काल संध्याकाळी." आईच्या सुया थांबल्या नाहीत. "जुने अगदी झिजले होते. लाज वाटली मला. कापून फेकले आणि चांगले जाडजूड आणून चिकटवले."

"तुझी मापाची टेप दे."

नवे चाक बहात्तर मिलिमीटर भरले. वहीत जुन्याचा आकडा साठ होता. एका कोपऱ्यात, कोणी कधी न वाचलेला. घाईबाईने कपाळावर हात मारला. चाक मोठे झाले की प्रत्येक फेऱ्यात गाडीला जास्त अंतर ओढावे लागते. पिनियनचे दाते वाढवावेत तसेच ते. तिचे चौदा दाते मोटारीला जवळजवळ सतरा वाटत होते. तीन पिढ्या दाते मोजणाऱ्या या घरात चाक मोजायचे कोणाच्या डोक्यातच आले नव्हते.

"अगं, मग त्या वेळीही असंच झालं असेल," आई सहज म्हणाली. "तेव्हाच्या गाडीलाही शर्यतीच्या आदल्या दिवशी नवे टायर मीच लावले होते. हेच, जाडे."

खुर्ची करकरली. वडील उठून टेबलापाशी आले होते.

"काय म्हणालीस?"

"खरं तेच म्हणाले. दरवेळी टायर कोण चिकटवतं?"

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"अहो, मला विचारलं कोणी? तुमच्या घरात दाते सोडून दुसरा विषय असतो का?"

वडिलांनी ओठांतल्या ओठांत हिशेब केला. "सोळा नव्हते तर. एकोणीस." ते लेकीकडे वळले. "सोळाने मोटार तापली असती. जळली नसती."

बावीस वर्षे एकटीने वाहिलेल्या ओझ्याच्या दुसऱ्या टोकाला आई होती, आणि ती शांतपणे विणत होती.

"बाराचं लावलंस तरी जमेल," वडील म्हणाले. तेवढाच त्यांचा सल्ला.

पेटीत बाराचे होते आणि अकराचेही होते. घाईबाईने दोन्ही तळहातावर घेतली. मग बाराचे परत ठेवले.

पिनियन लहान झाल्याने मोटार मोठ्या चाकाच्या जवळ सरकवावी लागली. तिने दोन दातेरी चाकांच्या मध्ये कागदाची पट्टी धरली, स्क्रू आवळले आणि पट्टी ओढून काढली. कागद चुणीदार झाला होता, फाटला नव्हता. म्हणजे दाते एकमेकांत नीट बसले होते, चावत नव्हते. पुन्हा दोन मिनिटांची चाचणी झाली. पुन्हा बोट ठेवले. दहा.

"अकरा?" मामा हसला. "चालत येणार आहेस का शर्यतीला?"

"चालत. आणि घरीही चालत जाणार. तुझं सांग."

शर्यत दहा मिनिटांची होती. मामाची गाडी बाणासारखी सुटली. घाईबाईला तीन जणांनी मागे टाकले, मग आणखी एकाने. प्रत्येक सरळ पट्ट्यावर तिचा अंगठा शिवशिवत होता आणि प्रत्येक सरळ पट्ट्यावर ती नाकाने हवा हुंगत होती. जळका वास आला नाही. पाचव्या मिनिटाला आला नाही. आठव्यालाही नाही. शिट्टी वाजली तेव्हा तिची गाडी नऊपैकी सहावी होती. तिने रिमोट खाली ठेवला आणि बऱ्याच वेळाने पोटभर श्वास घेतला.

मामाने चषक उचलला. दुसऱ्या हाताने विजयाने स्वतःच्या मोटारीवर थाप मारली आणि किंचाळून बोट तोंडात घातले.

"पाणी आहे ना तुझ्याकडे?" आईने विचारले.

वडिलांनी कवच काढले. थरथरते बोट मोटारीवर टेकवले आणि मोठ्याने मोजू लागले. सात, आठ, नऊ, दहा. बोट तिथेच राहिले. अकरा, बारा. ते वीसपर्यंत मोजत गेले.

"दहावरच थांबायचं असतं, बाबा," घाईबाई म्हणाली.

"पहिले दहा तुझे. पुढचे दहा तुझ्या आईचे." त्यांनी मोटार सोडवली, खिशातला रुमाल काढून त्यात गुंडाळली आणि खिशात ठेवून वरून थोपटली. "एक मोटार. मिळाली. बाकी पूर्ण फिटली."