अज्ञान राजाची आई

दीपमालाच्या व्हायव्याला नवसाबाई येणार हे कळल्यावर पहिली कुरकुर दीपमालानंच केली. पीएचडीची ही शेवटची तोंडी परीक्षा खुली असते, म्हणजे रस्त्यावरचा माणूससुद्धा आत येऊन बसू शकतो; पण म्हणून कोणी आईला बरोबर नेत नाही. नवसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि करायचं तेच केलं. पहाटे शेवंतीचे क्रेट गंगेवरच्या, म्हणजे नदीकाठच्या फुलबाजारात पोचवले, हिरवी जरीकाठी नेसल्या आणि मुलाच्या, ज्ञानेशच्या गाडीवर मागं बसून मखमलाबादहून थेट कॉलेजात हजर झाल्या. सात वर्षं पोरीचा अभ्यास ऐकला होता. आता निकालाच्या दिवशी घरी बसायचं, हे त्या बाईच्या रक्तातच नव्हतं.

ऐकला होता म्हणजे खरोखरच ऐकला होता. मळ्यात फुलं खुडताना, गजऱ्याच्या जुड्या बांधताना दीपमाला बोलत राहायची आणि या हुंकार भरायच्या. साडेतेराशे वर्षांपूर्वी, आज आपण ज्याला फ्रान्स म्हणतो त्या मुलखात फ्रँक लोकांचं राज्य होतं. तिथली एक राणी, बाल्थिल्ड. लहानपणी दासी म्हणून विकली गेलेली, पुढं राजाची बायको झालेली आणि ऐन तारुण्यात विधवा झालेली. थोरला मुलगा पाच-सहा वर्षांचा. गादीवर पोरगं, कारभार आईच्या हातात. माणसं विकायच्या धंद्याला तिनं लगाम घातला, मठांना जमिनी दिल्या, आणि मुलगा जाणता होत आला तसं सरदारांनी तिला तिनंच उभारलेल्या मठात नेऊन बसवलं. राजाच्या कागदांवरून तिचं नावही गेलं. नवसाबाईंना ही राणी पहिल्या दिवसापासून पसंत पडली. आपल्यातलीच हाय, असं त्यांनी तेव्हाच जाहीर करून टाकलं होतं.

बाहेरून आलेले परीक्षक होते डॉ. लियाकत काझी. मराठवाड्यातले, पासष्टीचे, आवाज मऊ. मऊ आवाजाच्या माणसाला नवसाबाई फार जपून असत, कारण ओरडणारा दमतो आणि हा दमत नाही. पहिला तासभर सगळं ठीक चाललं. मग काझी सरांनी प्रबंधाचं तिसरं प्रकरण उघडलं आणि चष्मा पुसला.

त्यांचं म्हणणं साधं होतं. सनदा निघाल्या त्या बाळराजाच्या नावानं. शेजारी आईचं नाव आहे, पण ते शोभेचं. दरबारात कसलेला कारभारी बसला होता, बिशप होते, सरदार होते. राज्य त्यांनी चालवलं, बाईनं नुसतं नाव दिलं, असं कोणी म्हटलं तर दीपमालाकडं उत्तर काय? दीपमालानं राणीच्या चरित्राचा आधार दिला. ते चरित्र तिच्याच मठातल्या जोगिणींच्या वर्तुळात लिहिलं गेलं, सर शांतपणे म्हणाले, आणि घरच्यांनी केलेल्या कौतुकाला पुरावा म्हणत नाहीत.

दीपमालानं पाण्याचा ग्लास उचलला, न पिताच खाली ठेवला. अख्खं तिसरं प्रकरण राणीनं स्वतः राज्य केलं या एका वाक्यावर उभं होतं. ते पुन्हा लिहा म्हटलं असतं, तर आणखी वर्ष-दीड वर्ष गेलं असतं. पोरगी नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती आणि कायम नोकरीची मुलाखत पुढच्या महिन्यात होती. पदवी हातात नसेल तर त्या दारात उभंही करत नाहीत, हे नवसाबाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यातच ‘शोभेचं नाव’ हे दोन शब्द त्यांच्या डोक्यात भिनायला लागले.

हे शब्द त्यांनी आधी ऐकले होते. नवरा गोटीराम गेला तेव्हा दीपमाला बारा वर्षांची, ज्ञानेश सहाचा. सातबाऱ्यावर वारसांची नावं लागताना लहान मुलांच्या नावापुढं ‘अज्ञान’ लिहितात. अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे, वयानं लहान. सरकारी मराठीला तेवढं प्रेम नसतं, एवढंच. आणि त्याच्या पुढं ‘अ.पा.क.’ म्हणून एक नाव येतं, अज्ञान पालन कर्ता. तिथं आईचं नाव लागलं आणि थोरले दीर चंदरदादा पेटले. बाई चौथी शिकलेली, तिला काय कळतंय, पालनकर्ता म्हणून आपलं नाव लावा, अशी त्यांनी हरकत घेतली. सुनावणीला मंडळ अधिकाऱ्यानं नवसाबाईंना समजुतीनं विचारलं, की नुसतं शोभेचं तर नाव आहे, दिराचं लागलं म्हणून काय बिघडलं? नवसाबाई म्हणाल्या होत्या, नुसतं शोभेचं हाय ना साहेब, मंग माझं राहिलं तर दादांचं काय बिघडतंय? साहेब हसले आणि नाव राहिलं. त्या नावाच्या जोरावर त्यांनी विहीर खोल केली, भाजी काढून शेवंती लावली, दोन्ही पोरं शिकवली.

पुढं ज्ञानेश अठराचा झाला, त्याच आठवड्यात चंदरदादा टाइप केलेला अर्ज घेऊन दारात आले. मुलगा सज्ञान झाला, आईचं पालनकर्ती म्हणून लागलेलं नाव कमी करावं. पोराचा वाढदिवस ज्यांना कधी आठवला नाही, त्यांना ही तारीख मात्र बरोबर आठवली. ज्ञानेशनं चहा पाजून त्यांना परत पाठवलं.

इकडं अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि रिवाजाप्रमाणं विचारलं, की उपस्थितांपैकी कोणाला उमेदवाराला काही विचारायचं आहे का. हा प्रश्न नावापुरता असतो. कोणी काही विचारत नाही, विचारलं तर बटाटेवडे गार होतात. मागच्या रांगेतून नवसाबाईंनी हात वर केला. ज्ञानेशनं पदर ओढून बघितला, उपयोग झाला नाही. दीपमालानं क्षणभर डोळे मिटून घेतले.

नवसाबाई उभ्या राहिल्या.

“मला एवढंच सांगा मॅडम,” त्या लेकीला म्हणाल्या, आणि त्या ‘मॅडम’वर कोणी हसलं नाही. “कागदावर त्या राणीचं नाव व्हतं, मंग ते गेलं. नाव नुसतं शोभेचं व्हतं, तर ते काढायची घाई कोणाला झाली व्हती?”

दीपमाला आईकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरची भीती हळूहळू ओसरताना नवसाबाईंना मागच्या रांगेतूनही दिसली. मग ती काझी सरांकडं वळली.

“सर, राणी दरबारात होती तोवरच्या ज्या थोड्या सनदा उरल्या आहेत, त्यांत मुलाबरोबर तिचं नाव येतं. ती मठात गेल्यावर येत नाही. राजा तोच, त्याची आई जिवंत, पुढं पंधराएक वर्षं जगली. शोभेचं नाव असतं तर शोभेला राहिलं असतं. ती गेली तसं नाव गेलं, म्हणजे नावामागं काम होतं.”

“आणि चरित्र?” काझी सर म्हणाले.

“चरित्र स्तुतीसाठीच लिहिलंय, सर. राणी स्वखुशीनं मठात गेली, असंच त्यांना दाखवायचंय. तरी त्यांच्या हातून एक गोष्ट निसटली. सरदारांनी एका बिशपला मारलं, राणी याचा बदला घेईल म्हणून ते घाबरले, आणि मग तिला मठात जायची परवानगी घाईघाईनं दिली. कौतुकाला या वाक्याची गरज नव्हती. शोभेच्या बाईला सरदार घाबरत नाहीत.”

काझी सरांनी प्रबंध मागंपुढं चाळला. तारखा विचारल्या, दीपमालानं तोंडपाठ सांगितल्या. हे सगळं इथं सुटं सुटं आहे, एकत्र का मांडलं नाही, असं त्यांनी विचारलं. आत्ता दिसलं, असं ती खरं तेच म्हणाली. सर पहिल्यांदा हसले.

“मग एकत्र मांडा. पुस्तक कराल तेव्हा. पदवीला त्यासाठी थांबायची गरज नाही.”

दहा मिनिटांनी अध्यक्षांनी उभं राहून जाहीर केलं, डॉक्टर दीपमाला गोटीराम पिंगळे. टाळ्या पडल्या, ज्ञानेशनं तर शिट्टीच मारली. दीपमाला व्यासपीठावरून उतरली ती सरळ मागच्या रांगेत आली आणि भर कॉलेजात आईच्या गळ्यात पडून रडली. नवसाबाई रडल्या नाहीत. त्यांना इतका आनंद झाला होता की रडायचं सुचलंच नाही.

काझी सर हात जोडून जवळ आले. चाळीस वर्षांत व्हायव्याला इतका नेमका प्रश्न ऐकला नाही म्हणाले. तेवढ्यात ऑफिसातले समाधान नावाचे क्लार्क अहवालाचा कागद घेऊन आले. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव आणि व्यवसाय लिहावा लागतो. त्यांनी नाव विचारून लिहिलं, व्यवसाय न विचारताच लिहिला आणि सहीसाठी कागद पुढं केला. नवसाबाईंनी पेन घेतलं, पण सही केली नाही. एकेक अक्षर लावत त्यांनी ओळ वाचली. नवसाबाई गोटीराम पिंगळे, गृहिणी.

“हे खोडा,” त्या म्हणाल्या.

समाधाननं विचारलं, मग काय लिहू?

“एकवीस वर्षं मळा चालवते. तेच लिहा.”

समाधाननं काझी सरांकडं पाहिलं. सर म्हणाले, बाई सांगतात तसं लिहा, खाडाखोडीखाली मी सही करतो. समाधाननं खोडलं आणि लिहिलं. नवसाबाईंनी ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि मगच सही केली.