टाळ्या वाजवणारी बाई

चिमटा हे तिचं खरं नाव नव्हतं. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं तिचं काम. बारीक स्क्रू उचलायचा चिमटा सदानकदा हातात, म्हणून दुकानातल्यांनी हे नाव पाडलं. तिलाही ते आवडलं असावं, कारण इंटरनेटवरच्या मंडळात शिरताना तिने तेच लावलं.

मंडळ होतं जुन्या मारामारीच्या गेमच्या वेड्यांचं. गेम चालू करायचा, हलत्या चित्राच्या हव्या त्या फ्रेमवर, म्हणजे नेमक्या क्षणावर थांबवायचा, लढवय्याची आकृती म्हणजे स्प्राइट कापून घ्यायचा आणि भलत्याच गेमच्या मैदानात नेऊन उभा करायचा. वर दोघांच्या ताकदीच्या पट्ट्या, मधे घड्याळ, पायाखाली सावली. नीट जमलं की बघणारा विचारतो, अरे, हा गेम आला कधी? तो आलेलाच नसतो. सगळा स्क्रीनशॉट खोटा, आणि खोटा आहे हे मंडळात प्रत्येकाला ठाऊक.

“दिवसभर फ्रेम, घरी आली की पुन्हा फ्रेम,” दादा म्हणायचा. वहिनीला तर हे खूळच वाटायचं.

त्या वर्षी मंडळाने स्पर्धा लावली. विषय होता, कधीच न झालेली लढत. बाकीचे नामांकित लढवय्यांच्या जोड्या लावत बसले. चिमटाने निवडली बंदरावरची बाई.

एका गेममध्ये बंदराचं मैदान आहे. पुढे दोघे एकमेकांना बुकलत असतात आणि मागे पिंपांपाशी एक जाडजूड बाई टाळ्या वाजवते. हात लांब, हात जवळ. एवढ्याच दोन फ्रेम.

एरवी लढवय्ये पकडायला सोपे. संगणकावर मागच्या देखाव्याचा थर वेगळा बंद करता येतो, तो केला की ते एकटे उरतात. इथे देखावा बंद केला की होड्या, पिंपं यांच्याबरोबर बाईही गडप, कारण ती देखाव्यातच रंगवलेली. मग चिमटाने उलटं केलं. लढवय्ये घालवले, बाई ठेवली आणि तिच्या भोवतीचं बंदर एकेक ठिपका करत खरवडून काढलं. पण टाळ्यांवर लढाई कशी व्हायची? तिने पैलवानाचे पाय घेतले, बॉक्सरचा खांदा घेतला, सगळ्याला बाईच्या झग्याचे रंग चढवले. चेहरा मात्र बाईचाच. समोर उभा केला गेमचा शेवटचा राक्षस, आणि तिचा ठोसा बसला थेट त्याच्या जबड्यावर.

रविवारी दुपारी मंडळाच्या प्रमुखाचा फोन आला. त्याला सगळे पंच म्हणत.

“चित्र झकास झालंय,” पंच म्हणाला. “पण स्पर्धेत घेता येणार नाही.”

“का बरं?”

“ती बाई पात्र नाही ना. देखावा आहे. लढणारे गेममधले हवेत, असा नियम आहे.”

“गेममधलीच आहे. तिचा एक ठिपका मी पदरचा घातलेला नाही.”

“ते खरं गं. एक सुचवू? तिच्या जागी लढणाऱ्यांतली ती तलवारवाली टाक. बघायला बरं वाटतं लोकांना. पहिला नंबर तुझाच धर.”

“आणि हिला कुठे ठेवू?”

“असते तिथेच. मागे. वाजवू दे टाळ्या.”

चिमटाचं डोकं सणकलं. “नाही जमायचं.”

“अगं, एका चित्राचा प्रश्न आहे!”

“एकाच ना? मग तुमचं काय जातंय? खोट्या लढाईत उतरायलाही तिला परवानगी लागते होय?”

“हट्ट करू नकोस.”

“करणार,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

वहिनी वाळलेले कपडे घेऊन दारात उभी होती. “कोण गं ही बाई? दाखव बघू.”

चिमटाने दाखवली. वहिनी बराच वेळ वाकून बघत राहिली. “दंड बघ कसले आहेत! आणि काय म्हणत होता तो मेला?”

“म्हणे, देखावा आहे.”

“त्याला कोणी म्हणालं म्हणजे कळेल!”

चिमटाने स्पर्धेतून नाव काढून घेतलं आणि चित्र मंडळात उघड्यावर लावलं. सोबत कापलेली बाईही ठेवली, ज्याला हवी त्याने न्यावी म्हणून. काहींनी टिंगल केली, जाडीला जरा पळवून आण म्हणाले. पंचाने ती चर्चा बंद केली. तिने दुसरी उघडली. तीही बंद झाली, तेव्हा तिसरी उघडली. शेवटी पंचाने तिलाच मंडळातून काढलं. बक्षीस एका तलवारवालीच्या चित्राला मिळालं. ते काम सुरेख होतं, तिने घरी तसं बोलूनही दाखवलं.

मंडळ सुटल्याचं तिला लागलं. इतक्या वर्षांची ऊठबस होती. मग तिच्याच ईमेलवर चित्रं येऊ लागली. कोणी बाईला जंगलात लढवलं, कोणी आगगाडीच्या टपावर. एकाने तर तिला हरवलंही होतं. चिमटा खूश झाली, म्हणाली, लढणाऱ्याने हरायलाही हवंच की.

पुढच्या रविवारी ती दुसऱ्या गेममधलं बाजाराचं मैदान उघडून बसली. वहिनी मागून डोकावली.

“हा कोपऱ्यातला म्हातारा काय करतो?”

“नुसती मान हलवतो.”

“किती फ्रेम?”

“दीड म्हण.”

“पुष्कळ झाल्या,” वहिनी म्हणाली आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. “कर त्याला उभा.”