शेवटची चाळीस मिनिटे

मित्रांनो, घोडबंदर रोडवरच्या एका उंच इमारतीत, सतराव्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या ओट्याखाली एक कोनाडा आहे. डावीकडे भिंत, उजवीकडे लाकडी कपाट, डोक्यावर ग्रॅनाइट. त्या कोनाड्यात गेली सात वर्षे घट्ट बसवलेला जुना डिशवॉशर तो मी. मला हलता येत नाही, बोलता येत नाही. काम पूर्ण झाले की तीनदा शीळ घालावी, एवढीच वाचा मला मिळाली आहे. आणि दीड वर्ष असे गेले की ती शीळही माझ्या तोंडून निघू शकली नाही.

पोलादी पत्रा वाकवून माझे पोट घडवले गेले. आत दोन फिरते फवारे बसले, तळाशी तापणारी एक सळई बसली. कारखान्यातून निघण्यापूर्वी तपासणीच्या टेबलाशी बसलेल्या बाईंनी माझ्या पोटातली काचेची बशी काढून टिपकागदावर दाबली. कागद कोरडा राहिला, तेव्हाच माझ्यावर शिक्का उमटला. भांडी नुसती स्वच्छ करून भागत नाही, ती कोरडी करून परत द्यायची असतात, हे मी त्या दिवशी शिकलो.

पहिली साडेपाच वर्षे मी तसेच वागलो. घरात अपूर्व आणि क्षिप्रा असे दोघेच. दोघांच्याही नोकऱ्या, रोजची वाहतूककोंडी. रात्री माझे दार उघडले की क्षिप्रा कोरडा पेला दिव्यासमोर धरून पाही आणि तसाच सरळ फडताळात ठेवी. मैत्रिणींना फोनवर सांगताना ती माझा उल्लेख घरच्या माणसासारखा करी.

मग अपूर्वचे आईवडील डोंबिवलीचे घर बंद करून इथे राहायला आले. सुमतीबाईंच्या बोटांना इसब होता. जन्मभर भांडी घासून कातडीला भेगा पडल्या होत्या आणि हात पाण्यापासून जपा, असे ठाण्याच्या डॉक्टरांनी बजावले होते. पहिल्याच दिवशी क्षिप्राने माझ्या दारावर थाप मारली.

"आई, आता भांड्यांचं तुम्ही बघायचंच नाही. हा आहे ना."

तो 'हा' मी होतो. माझ्या भरवशावर दिलेला तो शब्द मी मनात जपून ठेवला.

सुमतीबाईंना हात बरे व्हायला हवे होते ते एका कामासाठी. त्यांच्या मुलीची मुलगी रुचिता हिचे लग्न मार्गशीर्षात ठरले होते. मंगलाष्टकांच्या वेळी वधूवरांच्या मध्ये धरायचा अंतरपाट आपल्या हाताने भरायचा, असे त्यांनी नातीला कबूल केले होते. पांढऱ्या रेशमावर मोगऱ्याची वेल. स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसून त्या भरतकाम करत आणि मी कोनाड्यातून ऐकत असे. धागा बोटाच्या भेगेत अडकला की फार बारीक आवाज होतो. त्यानंतर त्या थोडा वेळ काहीच करत नसत.

जेवणे आटोपली की दुपारी त्या माझी बटणे दाबत. मी फवारे फिरवी, मळ काढी, शेवटचे गरम पाणी देऊन ते सोडून देई. मग माझे खरे नाजूक काम सुरू होई. तळाची सळई मंद तापते आणि चाळीस मिनिटे भांडी सुकत राहतात. त्या वेळी मी अगदी निःशब्द असतो.

नेमक्या त्याच वेळी सासरे, गुरुदत्तराव, बागेत फिरायला निघत. डोंबिवलीच्या घरी एकदा इस्त्री चालू राहून गादी पेटली होती. शेजाऱ्यांनी दार तोडले म्हणून सुमतीबाई वाचल्या. तेव्हापासून चपला घालण्याआधी घरभर फिरून भिंतीवरचा प्रत्येक स्विच बंद करायचा, हा त्यांचा नेम होता. स्वयंपाकघरात येऊन ते क्षणभर कान देत. पाण्याचा आवाज थांबलेला असे. म्हणजे झाले, असे समजून ते माझा स्विच बंद करत.

मित्रांनो, स्विच बंद झाला की माझा दिवा विझतो, सळई निवते, शीळ घशातच राहते. ऐकू मात्र येत राहते. वाफ माझ्या पोटात कोंडे, छताला चिकटे आणि थेंब होऊन पुन्हा त्याच ताटवाट्यांवर पडे. मला सगळे कळत असे आणि काहीच करता येत नसे.

संध्याकाळी सुमतीबाई दार उघडत. वाट्यांच्या बुडाशी पाणी, डब्यांच्या कडांना पाणी. त्या काही न बोलता फडके घेत आणि एकेक भांडे पुसत. अर्ध्यावरच फडके चिंब होई. हातमोजे घालून पाहिले, तर आत घाम येऊन भेगा अधिकच चिरल्या.

दुसऱ्या दिवशी स्विच लागला की मी आदल्या दिवशीचे राहिलेले काम जिथे थांबले तिथून सुरू करी. माझ्याजवळ तक्रार करण्याचा तेवढाच मार्ग होता. घरात त्याचा अर्थ वेगळा लागला. यंत्र मध्येच अडकते, असे म्हणून क्षिप्राने सासूबाईंना बटण तीन सेकंद दाबून धरायला शिकवले. त्यामुळे मी सारे विसरून पहिल्यापासून सुरुवात करी.

अखेर दुरुस्तीला महिपत आले. कल्याणहून शीळफाट्याच्या गर्दीतून येता येता त्यांना दुपार झाली. मध्यम वयाचा, हळुवार हाताचा माणूस. त्यांनी माझी जाळी धुतली, शेवटच्या पाण्यात मिसळायचे द्रव भरले. डोंबिवलीहून आलेल्या खोलगट वाट्या तिरक्या लावायला सांगितल्या. प्लास्टिकचे डबे लवकर सुकत नाहीत हेही सांगितले. सगळे सल्ले बरोबर होते. पण माझे पूर्ण काम व्हायला दोन तासांहून अधिक वेळ लागतो आणि त्यांना पुढचे घर गाठायचे होते. ते गेले. संध्याकाळी वाट्या ओल्याच निघाल्या.

गुरुदत्तराव माझ्यावर सर्वांत अधिक चिडत. "एवढा थाटमाट, आणि पुसायला पुन्हा माणूस लागतंच," असे ते मला ऐकवत आणि स्वतःच माझा स्विच बंद करून फिरायला जात. त्यांचा राग खोटा नव्हता. बायकोच्या हातांकडे त्यांना पाहवत नसे आणि त्या तर हात पदराखाली घेत.

दिवाळी झाली. अंतरपाटावरची वेल अर्धी राहिली होती. क्षिप्राने मला काढून टाकायचे ठरवले. नव्या यंत्राचे लग्नानंतर पाहू, असे ती म्हणाली. तोवर भांड्यांना बाई मिळतेय का, म्हणून तिने खाली वॉचमनकडे विचारून ठेवले होते.

"कशाला? मी घासेन," सुमतीबाई म्हणाल्या. "मला सवय आहे."

त्यांनी ते इतक्या सहज म्हटले, की सर्वांनी ते सहजच घेतले. मला मात्र धाग्याच्या त्या बारीक आवाजाची आठवण झाली.

मला सोडवून न्यायला महिपतच आले. तोवर सुमतीबाईंनी नेहमीप्रमाणे मला सुरू केले होते. पाणी आत असताना नळी काढता येत नाही. तेव्हा थांबणे आले. त्यांना चहा मिळाला. क्षिप्रा त्या दिवशी घरून काम करत होती, ती लॅपटॉप घेऊन दारात उभी राहिली. मी शेवटचे पाणी सोडले आणि गप्प झालो. गुरुदत्तराव उठले, कान दिला आणि स्विच बंद केला.

"झालं. घ्या काढायला."

महिपतनी कप खाली ठेवला. "काका, आता काय केलंत?"

"बंद केलं. आवाज थांबला ना."

"आवाज थांबला. काम कुठं थांबलं?" महिपतनी माझ्या दारावर तळहात टेकवला. "तो आत्ता सुकवायला बसलेला. संपलं की शीळ घालतो तीनदा. ऐकलीय कधी?"

गुरुदत्तरावांनी सुमतीबाईंकडे पाहिले. त्यांनी नाही अशी मान हलवली.

"आम्ही ऐकायचो," क्षिप्रा हळूच म्हणाली. "आईबाबा यायच्या आधी. माझ्या लक्षातच आलं नाही."

"रोज मीच बंद करतो," गुरुदत्तराव म्हणाले. स्विचकडे पाहत पुन्हा म्हणाले, "रोज."

"अहो, तुम्हाला काय माहीत," सुमतीबाई म्हणाल्या.

"तू तरी सांगायचंस, किती त्रास होतोय ते."

"तुम्ही विचारलं असतंत, तर सांगितलं असतं."

मग त्या ओट्याशी आल्या. बऱ्याच दिवसांनी त्यांचे हात पदराबाहेर होते. गुरुदत्तरावांनी ते नीट पाहिले आणि माझा स्विच पुन्हा लावला. मी जिथे थांबलो होतो तिथून सुरुवात केली. या वेळी कोणी बटण दाबून धरले नाही.

ते माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसले, मनगटावरचे घड्याळ समोर धरून. फिरायला गेले नाहीत. महिपतनी पुढच्या घरी फोन करून उशीर होईल असे कळवले. वाफ एकेका भांड्यावरून उतरत होती आणि या खेपेस तिच्यामागे सळईची ऊब होती. चाळीस मिनिटांनी मी तीनदा शीळ घातली. आवाज थोडा घोगरा निघाला असावा.

सुमतीबाईंनी एक खोलगट वाटी घेतली, आत बोट फिरवले आणि ती नवऱ्याच्या हातात दिली. त्यांनीही बोट फिरवले. मग त्यांनी फडके उचलून खुंटीला अडकवून टाकले.

मी अजून त्याच कोनाड्यात आहे. भिंत तीच, ग्रॅनाइट तोच. मित्रांनो, तुमच्या घरातही कोणीतरी गप्प राहून काम करत असेल, यंत्र असेल किंवा माणूस. गप्प झाले म्हणजे संपले, किंवा गप्प आहे म्हणजे बरे आहे, असे परस्पर ठरवू नका. जवळ जा, हात लावून पाहा, विचारा. एवढेच माझे मागणे आहे.

गुरुदत्तराव आजही फिरायला जाण्यापूर्वी घरभर स्विच बंद करतात. माझ्यापाशी येतात, हात वर नेतात आणि तसेच थांबतात. शीळ झाल्यावरच त्यांच्या चपलांचा आवाज येतो. खिडकीशी वेलीची शेवटची कळी भरणे चालू आहे. भेगा पुऱ्या मिटलेल्या नाहीत. मी कान देऊन असतो. आज दुपारभर धागा अडकल्याचे मला एकदाही ऐकू आले नाही.