वजन वर गेल्यावर

दुरुस्तीवाल्या काकांनी काउंटरवर मऊ फडकं अंथरलं, तेव्हा कुठे तिने पिशवीतून बाबांचा कॅमेरा बाहेर काढला.

"आत रोल आहे. उघडू नका हं."

"चाळीस वर्षं काय गवत उपटतोय का मी?" काका म्हणाले. पण कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या इवल्याशा खिडकीतला पाचाचा आकडा पाहून त्यांनी झाकणाजवळचा हात मागे घेतला.

रोलवरच्या बारा फोटोंपैकी चार बाबांनी डोंगर चढताना वाटेत काढले होते. पाचव्याच्या आधी, माथा हाकेच्या अंतरावर असताना, त्यांचं हृदय थांबलं. त्याला आता दोन महिने होत आले. उरलेले आठ तिला परवा त्याच डोंगरावर जाऊन काढायचे होते, आणि सोबत काय काय न्यायचं हे विचारायला दुकानात जाते, असं ती आईला सांगून निघाली होती. खरं विचारायचं होतं ते वेगळंच.

"लेन्स एकच ने, रुंद दिसणारी," काका सांगू लागले. "दोन नेल्यास की बदलत बसशील आणि उजेड निघून जाईल. फिल्टर पिवळा. आभाळ जरा गडद येतं."

"बाबा लाल लावायचे."

"लाल काच उजेड फार खाते. ढगवाल्यांचं ठीक होतं, एका ढगासाठी तासभर मांडी ठोकून बसायचे. तुला जमायचं नाही." दुकानात बाबांना याच नावाने ओळखत.

"आणि स्टँड?" तिने शक्य तितक्या सहज विचारलं.

काका आधीच स्वच्छ असलेली लेन्स पुसत राहिले.

बाबांच्या सत्तरीला स्टँड तिनेच दिला होता. हलका स्टँड वाऱ्यात थरथरतो, वजन हवं, असं ते घरात सारखं म्हणत. म्हणून तिने मोठ्या दुकानातून सगळ्यात जड उचलून आणला. बाबांनी खोकं उघडलं आणि म्हणाले, "वा! याला आता हत्तीने धडक दिली तरी चालेल." त्या दिवशी तोच त्यांच्या खांद्यावर होता. भाऊ म्हणायचा, उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

"तो जड होता ना काका? खरं सांगा."

काका आत गेले. येताना त्यांच्या हातात काटक्यांसारख्या पायांचा जुना स्टँड होता. मधल्या हुकाला रिकामी कापडी पिशवी लोंबत होती.

"वजन वर गेल्यावर घ्यायचं, ही त्यांची रीत. पिशवीत दगड भरायचे आणि खाली टांगायची. म्हणायचे, डोंगरावर दगडांना काय तोटा? खालून कशाला वाहायचे?"

"पण हा इथे कसा?"

"तुझा स्टँड घेऊन घरातून निघायचे. इथे ठेवायचे, हा घ्यायचे आणि समोरून बस पकडायचे. संध्याकाळी पुन्हा अदलाबदल. मी म्हटलं, अहो, सांगून टाका पोरीला. तर म्हणाले, एवढ्या हौसेने आणलाय, तिचं तोंड उतरेल."

"मग त्या दिवशी..."

"त्या दिवशी दुकान बंद होतं." काकांचा आवाज खाली आला. "लेकीकडे गेलो होतो, नात झाली म्हणून. त्यांना कळवायचं राहून गेलं. शटरपुढे थांबले असतील बिचारे. मग बस आली असेल."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. वयाने बापासारखा माणूस, पण नजर अशी की आता हीच काय तो निकाल देईल. तुमचा काय दोष, एवढंच म्हणायचं होतं. कोणीही म्हटलं असतं. तिच्या तोंडून ते निघेना. आणि त्यांना माफ केलं, तर उरलेलं सगळं आपल्याच वाट्याला येतं, हे लक्षात आल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिने कॅमेरा, लेन्स आणि पिवळा फिल्टर पिशवीत घातला. काकांनी जुना स्टँड पुढे सरकवला.

"हा ने. आता तुझाच आहे."

"आत्ता नको. आईने पाहिला तर विचारेल. परवा सकाळी सहाच्या बसने जाणार आहे. तेव्हा नेईन." ती पायरी उतरली आणि वळली. "दुकान उघडं असेल ना?"

"पाचपासून बसून राहीन," काका म्हणाले.

तिने मान हलवली. त्यांना असं बसायला लावलं, ती क्षमा होती की शिक्षा, हे घरी पोचेपर्यंत तिला ठरवता आलं नाही.